दिवा किती खातो?

गेल्या पौषातली गोष्ट. रात्रीचे नऊ वाजले असतील. थंडी कडाक्याची होती. आम्ही जेवण उरकून घोंगडी पांघरून ओट्यावर बसलो होतो. इतक्यात समोरच्या घरातून मोठ्याने बोलणे ऐकू आले. मागोमाग पोरीच्या रडण्याचा आवाज आला.

त्या घरच्या मालकांना आपण तात्या म्हणू. खरे नाव सांगण्याचे कारण नाही. तात्या म्हणजे शांत माणूस. अठ्ठावन्नाव्या वर्षी आमच्या वर्गात बसून अक्षर ओळखायला शिकले. असा माणूस ओरडतो म्हणजे काही तरी झाले असणार. आम्ही चपला घालून तिकडे गेलो.

सोप्यात अंधार होता. त्यांची नात पुस्तक उराशी धरून उभी होती. तिचे दहावीचे वर्ष. परीक्षा महिन्यावर आलेली. तात्यांनी तिच्या अभ्यासाचा दिवा मालवला होता.

आम्ही विचारले, "तात्या, पोरीचा दिवा का मालवलात?"

तात्यांनी खिशातून कागद काढला. "गुर्जी, हे बघा. दिवाळीच्या महिन्यात लाईटचं बिल पावणेआठशे आलं हुतं. आता चौदाशे चाळीस! कुटनं भरायचं? ही रोज नऊपासनं बारापत्तुर दिवा जाळती. मग मीटर पळंल न्हाईतर काय हुईल?"

नात हुंदके देत म्हणाली, "गुर्जी, मी एकच दिवा लावते हो."

आम्हाला वाटले, खरेच, हा दिवा किती खातो ते एकदा मोजून तर पाहावे. तात्यांना आम्ही म्हणालो, "दोष द्यायचा तर हिशेब करून देऊ. कागद आणा, पेन्सिल आणा. दिवा पुन्हा लावा म्हणजे बिल वाचता येईल."

तात्यांनी दिवा लावला. त्या रात्री आम्ही साडेदहापर्यंत त्या घरात होतो. जे पाहिले ते तुम्हालाही उपयोगी पडेल म्हणून येथे लिहितो.

आधी बिल वाचायला घेतले. तात्यांनी ते वाचले होतेच, पण शेवटचा आकडा तेवढाच. रुपये किती, एवढेच बहुतेक जण पाहतात. तुम्ही असे करू नका. बिलावर आधी आपला ग्राहक क्रमांक पाहा. तो बारा आकडी असतो. मग 'चालू रिडिंग' आणि 'मागील रिडिंग' असे शब्द शोधा. चालू रिडिंग म्हणजे या वेळी मीटरवर दिसलेला आकडा. मागील रिडिंग म्हणजे मागच्या वेळचा आकडा. मोठ्यातून लहान वजा करा. जे उरेल तितकी युनिटे तुमच्या घरात खर्च झाली. तात्यांनी वजाबाकी केली. हातचा घेताना एकदा चुकले, पुन्हा केली. उत्तर आले १४६. बिलावरही १४६ च छापलेले होते.

"म्हंजे बिल खोटं न्हाई," तात्या म्हणाले. त्यांचा चेहरा जरा पडला. बिल खोटे निघाले असते तर त्यांना बरे वाटले असते.

आता युनिट म्हणजे काय? दूध लिटरने मोजतात, ज्वारी किलोने मोजतात. आमच्या लहानपणी पायलीने मोजत. तसे विजेचे माप युनिट. विजेच्या प्रत्येक वस्तूवर वॉटचा आकडा लिहिलेला असतो. बल्बवर असतो, पंख्यावर असतो, इस्त्रीवर असतो. हे नाव जेम्स वॉट या माणसावरून पडले. वाफेचे यंत्र सुधारणारा तो कारागीर, सुमारे अडीचशे वर्षांपूर्वीचा. वॉट म्हणजे त्या वस्तूची भूक समजा. १००० वॉट भुकेची वस्तू एक तास चालली की एक युनिट वीज संपते. १०० वॉटचा बल्ब दहा तास जळला की एक युनिट. १० वॉटचा दिवा शंभर तास जळेल तेव्हा एक युनिट. भूक किती आणि जेवतो किती वेळ, हे दोन्ही पाहायचे. एकच पाहिले तर हिशेब चुकतो.

तात्या म्हणाले, "हे कागदावर झालं. मला डोळ्यांनी दावा."

हा प्रश्न आम्हाला आवडला. आम्ही बॅटरी घेऊन मीटरपाशी गेलो. नव्या धर्तीच्या मीटरवर एक बारीक लाल दिवा असतो. वीज वाहू लागली की तो लुकलुकतो. किती वेळा लुकलुकला म्हणजे एक युनिट, हेही मीटरवर छापलेले असते. तात्यांच्या मीटरवर ३२०० लिहिले होते. तुमच्या मीटरवर दुसरा आकडा असेल, तर तो धरायचा.

आम्ही घरातली सगळी बटणे बंद करायला सांगितली. फ्रिजही थोडा वेळ बंद केला. घर अंधारात. लाल दिवा थांबला. सूनबाई म्हणाल्या, "आता मीटर निजला." आम्ही घड्याळ लावून उभे राहिलो. जवळजवळ दोन मिनिटे गेली आणि लाल दिवा एकदा चमकून गेला!

"कोण खातंय?" तात्यांनी दरडावून विचारले, जणू घरात चोरच शिरला होता.

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. शेवटी धाकटा नातू म्हणाला, "आबा, टीव्हीची पेटी!" टीव्ही बंद होता, पण त्याच्या शेजारची डिशची पेटी प्लगमध्ये चालूच होती. तिच्यावर बारीक हिरवा ठिपका दिसत होता. रात्रंदिवस चालू. तिची भूक दहा वॉटच्या आसपास. पण चोवीस तास जेवते म्हणजे महिन्याला सात युनिटे झाली. पोराने प्लगचे बटण बंद केले. मग मीटर खरोखर निजला.

तुम्हीही हे एकदा करून पाहा. सगळे बंद केल्यावरही लाल दिवा चमकत राहिला, तर आधी घरात शोधा. काहीच सापडले नाही, तर भिंतीत वायर ओली झाली असेल, किंवा तुमच्या मीटरवरून दुसऱ्याच कुणाच्या घरी वायर गेली असेल. अशा वेळी स्वतः हात घालू नका. वायरमनला बोलवा.

आता नातीचा दिवा लावला. नऊ वॉटचा एलईडी बल्ब. आम्ही सर्व जण मीटरकडे पाहत थांबलो. एक मिनिट झाले. काही नाही. तात्या म्हणाले, "बिघडला वाटतं." दोन मिनिटे पुरी झाली, वर चारपाच सेकंद गेले, तेव्हा लाल दिवा एकदाच लुकलुकला.

मग आम्ही सूनबाईंना म्हणालो, "पाणी तापवायचा रॉड आणा. बादलीत पाणी भरून, रॉड आत सोडून, मगच बटण दाबा." बटण दाबले आणि मीटरचा लाल दिवा लुकलुक लुकलुक सुरू झाला. थांबेचना. तात्यांनी मोजायला घेतले. एका मिनिटात ऐंशी भरले. मोजता मोजता त्यांना दम लागला. नातीचा दिवा दोन मिनिटांत एक, आणि हा रॉड एका मिनिटात ऐंशी!

तात्या काही बोलले नाहीत. वहिनींनी रॉडचे बटण बंद केले.

मग आम्ही वहीवर हिशेब मांडला. रॉडवर १५०० वॉट लिहिलेले होते. रोज तीन बादल्या, बादलीला वीस मिनिटे, म्हणजे रोज एक तास. रोज दीड युनिट. तीस दिवसांचे ४५ झाले. दिवाळीच्या महिन्यात रॉड नव्हता. थंडी पडली म्हणून मुलाने बाजारातून आणला होता. वाढ कोठून आली हे येथेच कळले.

नंतर गोठा. म्हशीला सोबत म्हणून गोठ्यात रात्रभर बल्ब जळतो. तो जुना, तारेचा, १०० वॉटचा. हात लावला तर भाजतो. दहा तास जळतो म्हणजे रोज एक युनिट, महिन्याला ३०. या बल्बाकडे कोणाचेच लक्ष नव्हते. हा बल्ब पूर्वी रात्री दहापर्यंतच जळत असे. गावात बिबट्याची आवई उठली तेव्हापासून रात्रभर ठेवू लागले.

फ्रिजचे कसे मोजायचे? सगळे घर एका दिवशी लग्नाला गेले होते, तेव्हा फ्रिजच तेवढा चालू होता. त्या दिवशी तात्यांच्या मुलाने सहज मीटरचा आकडा पाहिला होता. चोवीस तासांत सव्वा युनिट. महिन्याला ३७ ते ३८ झाले. फ्रिज जुना, दुसऱ्याकडून घेतलेला. तो चुलीच्या बाजूच्या भिंतीला अगदी चिकटून उभा. दाराचे रबर फाटलेले. आम्ही दारात कागदाचा कपटा धरून दार लावले आणि ओढला. तो अलगद बाहेर आला. म्हणजे आतला गारवाही तसाच अलगद बाहेर जातो आणि फ्रिजचे यंत्र बिचारे राबत राहते.

बाकीचे थोडक्यात सांगतो. टीव्ही रोज पाच तास, ९ युनिटे. जुनी चोकची ट्यूब, ८. पेटी ७. घरातले तीन एलईडी दिवे मिळून तीनच्या वर थोडे. मिक्सर, इस्त्री, मोबाईलचे चार्जर मिळून चार. आणि नातीचा दिवा? नऊ वॉट, रोज तीन तास, तीस दिवस. २७० वॉट रोजचे झाले नव्वदाच्या तिप्पट... नाही, असे नको. नीट मांडू. नऊ गुणिले तीन, सत्तावीस. सत्तावीस गुणिले तीस, आठशे दहा. हजाराला एक युनिट. म्हणजे महिन्याला एक युनिटसुद्धा नाही.

सगळी बेरीज केली. साडेएकशे चव्वेचाळीस आली. बिलावर १४६. दीड युनिटाचा फरक. एवढा फरक घरगुती हिशेबात चालायचाच.

तात्यांनी बेरजेवर बोट ठेवले. मग नातीला म्हणाले, "जा, बस अभ्यासाला." एवढेच. पण नंतर आम्ही पाहिले, त्यांनी आपल्या हाताने तिचे पाट-पुस्तक दिव्याखाली नेऊन ठेवले.

आता एक गोष्ट राहते. युनिटे ९० वरून १४६ झाली. म्हणजे दीडपटीपेक्षा थोडी जास्त. मग रुपये जवळजवळ दुप्पट का झाले? तात्यांना यातच लबाडी वाटत होती. ही लबाडी नव्हे. विजेला एकच भाव नसतो. महाराष्ट्रात घरगुती विजेचे टप्पे आहेत. महिन्याच्या पहिल्या १०० युनिटांना एक भाव. १०१ पासून ३०० पर्यंतच्या युनिटांना दुसरा भाव, आणि तो पहिल्याच्या दुपटीच्या आसपास असतो. ३०० च्या पुढे त्याहून चढा, ५०० च्या पुढे आणखी चढा. हे भाव मुंबईतला महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो. हा आयोग १९९९ साली स्थापन झाला. भाव वरचेवर बदलतात, म्हणून येथे रुपये लिहीत नाही. ते तुमच्या बिलाच्या मागे-पुढे छापलेले असतात.

काही जण म्हणतात, शंभराची रेघ ओलांडली की सगळीच युनिटे महाग होतात. तसे नाही. पहिली शंभर स्वस्तच राहतात. वरची तेवढी महाग. तात्यांची शंभर युनिटे स्वस्त भावाने गेली आणि वरची ४६ युनिटे महाग भावाने. म्हणून बचत करताना जे युनिट आधी वाचते ते महागातले वाचते. १४६ वरून १०० वर येईपर्यंत प्रत्येक युनिटाला जवळजवळ दुप्पट पैसे वाचतात. हे ध्यानात धरले तर कोठपर्यंत नेट लावायचा ते कळते.

बिलात आणखीही रकमा असतात. स्थिर आकार हा वीज वापरा न वापरा, द्यावाच लागतो. वहन आकार म्हणजे तारांवरून वीज आणण्याची हमाली. इंधन समायोजन आकार कोळशाच्या भावाबरोबर कमीजास्त होतो. कोयनेला पाण्यावर वीज होते, परंतु आपल्या राज्यात पुष्कळशी वीज चंद्रपूर, कोराडी अशा ठिकाणी कोळसा जाळून होते. एका युनिटामागे अर्धा ते पाऊण किलो कोळसा जळतो. कोळसा महागला की आपल्याला वीज महागते. शेवटी सरकारचे वीज शुल्क, शेकडा १६. शेतीपंपाचे बिल निराळे असते. त्याचा विचार येथे करीत नाही.

तात्यांच्या घरी पुढे काय केले ते सांगतो.

रॉड टाकून द्या, असे आम्ही म्हणालो नाही. थंडीत लेकरांना गार पाण्याने अंघोळ घाला म्हणणे सोपे असते, घालणाऱ्याला विचारा. पण वहिनींनीच युक्ती काढली. सकाळी भाकरी होतात तेव्हा चुलीचा वैल रिकामाच असतो. त्यावर पाण्याचे पातेले ठेवले. जळण तेवढेच, पाणी आपोआप तापले. सुनेची आणि मुलाची अंघोळ त्यात होऊ लागली. तात्या आणि वहिनी यांना सकाळी कोठे जायचे नसते. त्यांनी एक जुने पत्र्याचे पिंप बाहेरून काळे रंगवले, पाणी भरून झाकण लावून उन्हात ठेवले. काळा रंग ऊन शोषून घेतो. दुपारी तीनला पाणी अंघोळीपुरते कोमट झालेले असते. रॉड राहिला शाळेच्या दोन पोरांपुरता. एकच बादली. तीत गार पाणी मिसळून दोघांची अंघोळ होते. बादलीवर झाकण ठेवले की पाणी लवकर तापते. पूर्वी रॉड लावून विसरत, पाण्याला उकळी फुटे, मग त्यात तितकेच गार पाणी ओतत. आधी पैसे देऊन तापवायचे आणि मग निववायचे, असा तो प्रकार होता.

रॉडची एक ताकीद देतो. बटण चालू असताना पाण्यात बोट घालून पाणी तापले का पाहू नका. आधी बटण बंद करा, प्लग काढा, मग रॉड बाहेर काढा, मग हात घाला. लोखंडी बादली मुळीच वापरू नका. बिल वाढले तर पुढच्या महिन्यात कमी करता येते. गेलेला माणूस परत आणता येत नाही. आमच्या ओळखीच्या एका घरात असे घडलेले आहे, म्हणून इतके बजावतो.

गोठ्यात नऊ वॉटचा एलईडी बल्ब लावला. केंद्र सरकारने २०१५ सालच्या जानेवारीत उजाला नावाची योजना काढली, तेव्हापासून हे बल्ब गावोगाव पोचले आणि पुढे स्वस्त झाले. तरी पुष्कळ ठिकाणी माजघरात एलईडी आणि गोठ्यात, न्हाणीत, परसात जुने बल्ब असे दिसते. चांगली वस्तू पुढे आणि जुनी मागे, ही आपली रीत. पण गोठ्यातला दिवा जळतो सर्वांत जास्त वेळ! जो जास्त वेळ जळतो तो आधी बदलायचा. तात्यांचे महिन्याचे ३० होते, त्याचे तीनच्या आत आले. बिबट्याला काय, उजेडाशी मतलब.

फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढला आणि चुलीपासून दूर नेला. दाराचे रबर तालुक्याच्या गावी मिळाले. कालवण गरम असताना आत ठेवायचे नाही, असे ठरले. एवढ्याने रोजची सव्वा युनिटाची भूक एका युनिटाच्या खाली आली. उद्या नवा फ्रिज घेण्याची वेळ आली, तर त्याच्यावरचा ताऱ्यांचा कागद वाचा. २००६ सालापासून अशा कागदांची पद्धत सुरू झाली. जितके तारे जास्त तितकी भूक कमी. पण नुसते तारे मोजून थांबू नका. तो फ्रिज वर्षाला किती युनिटे घेईल हेही त्यावर छापलेले असते. त्याला बाराने भागा. दुकानदार हप्ता सांगेल, हा आकडा सांगणार नाही. तो आपणच वाचायचा.

डिशच्या पेटीचे बटण रात्री आणि दुपारी नातू बंद करतो. ते काम त्याने आपणहून घेतले आहे. कधी कधी तर आजी मालिका पाहत असतानाच बंद करतो.

फेब्रुवारीचे बिल आले, ७८ युनिटे. रक्कम सातशेच्या आत. तात्या बिल घेऊन आमच्याकडे आले, आणि आधी रिडिंगची वजाबाकी दाखवली, मग रुपये.

आता बिल खरोखरच चुकीचे आले तर काय करावे? असेही घडते. घराला कुलूप असले किंवा मीटर वाचणारा आला नाही, तर सरासरीने बिल काढतात. बिलावरचे चालू रिडिंग आणि मीटरवरचा आकडा ताडून पाहा. बिलावरचा आकडा मीटरपेक्षा मोठा असेल तर काही तरी चुकले आहे, हे उघड आहे. २०२० साली करोनाच्या टाळेबंदीत मार्चअखेरपासून मीटर वाचायला माणसे फिरली नाहीत. एप्रिल-मे महिन्यांत सरासरीची बिले आली. ती सरासरी थंडीच्या महिन्यांची होती, आणि घरोघरी पंखे तर उन्हाळ्याचे चालू होते. जूनमध्ये खरे वाचन झाले, तेव्हा सगळा फरक एकदम बिलात आला. राज्यभर ओरड झाली. ज्यांनी आपले आकडे लिहून ठेवले होते, त्यांना आपले बिल बरोबर की चूक हे घरबसल्या कळले. असे दोन-तीन महिन्यांचे बिल एकदम आले, तर स्वस्त भावाची शंभर युनिटेही तितक्या वेळा मिळायला हवीत. दोन महिन्यांची दोनशे, तीन महिन्यांची तीनशे. ती दिली आहेत की नाही, हे पाहायला विसरू नका.

चूक दिसली तर गप्प बसू नका आणि बिल फाडूनही टाकू नका. मीटरचा फोटो काढा, अर्ज लिहा, कचेरीत द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. १९१२ या नंबरावर फोन करूनही तक्रार नोंदवता येते. तक्रारीचा नंबर मिळतो, तो लिहून ठेवा. कायदाही तुमच्या बाजूला आहे. २००३ च्या वीज कायद्यात सांगितले आहे की थकबाकीसाठी वीज तोडायची असेल तर आधी पुरे पंधरा दिवस मुदत देऊन लेखी नोटीस द्यावी लागते. बिलाबद्दल वाद असेल, तर मागणीची रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यांतली जी कमी असेल ती 'हरकत नोंदवून भरतो' असे लिहून भरता येते. मग वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. आमच्या नोकरीच्या काळात एका शाळेची वीज अशीच एका चुकीच्या बिलावरून तुटली होती. हे कलम तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हते. दहा दिवस पोरे अंधाऱ्या वर्गात बसली. म्हणून इतके तपशिलाने लिहिले.

आकडा टाकण्याविषयी कोणी सुचवले, तर ऐकू नका. तारेवर आकडा टाकणारा माणूस खाली पडलेला आम्ही पाहिला आहे. त्यातून वाचला तरी त्याच कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

घराच्या छतावर सूर्याची वीज करण्याचीही सोय आहे. २०२४ सालच्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने सूर्यघर नावाची योजना सुरू केली. तीत एक किलोवॉटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीन किंवा जास्त किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान ठरले. पण वरचे पैसे आपले घालावे लागतात आणि छत पक्के लागते. ज्यांचे बिल महिन्याला दोन-तीनशे युनिटांचे आहे त्यांनी चौकशी करावी. तात्यांसारख्या ७८ युनिटांच्या घराने आधी गोठ्यातला बल्ब बदलावा हे बरे.

खरी परीक्षा उन्हाळ्याची. रॉड बंद होईल, पण पंखे सुरू होतील. साधा पंखा ७५ वॉटचा असतो. तीन पंखे दहा तास चालले तर रोज सव्वादोन युनिटे, महिन्याला ६७ च्या वर. म्हणजे तात्या पुन्हा शंभराची रेघ ओलांडणार. हे आम्ही त्यांना होळीच्या आधीच सांगितले. ३० वॉटच्या आसपास चालणारे नवे पंखे निघाले आहेत. त्यांना दुकानात बीएलडीसी म्हणतात. किंमत साध्या पंख्यापेक्षा बरीच जास्त असते. तिन्ही एकदम घेणे तात्यांना शक्य नव्हते. मग कोणता पंखा जास्त वेळ चालतो ते पाहिले. सोप्यातला, जेथे रात्री चौघे झोपतात आणि दुपारी तात्याही आडवे होतात. तो एक बदलला. उरलेले दोन पुढच्या वर्षी, ऊस गेल्यावर.

मीटरखालच्या भिंतीवर तात्यांनी आता कोळशाने रेघा ओढल्या आहेत. दर महिन्याच्या एक तारखेला ते चष्मा लावून मीटरचा आकडा लिहितात आणि त्याच्या खाली वजाबाकी मांडतात. परवा तेथे उभे राहून आम्ही ती पाहिली. मे महिन्याची वजाबाकी ९७ आली होती. हातचा बरोबर घेतला होता.